सुमेधाताईंच्या गाडीतली गळती

सुमेधाताईंची गाडी दुसऱ्यांदा क्रेनला लटकून आमच्या गॅरेजच्या दारात आली, तेव्हा मगदूमआण्णा चहाचा कप हातात धरून बाहेरच उभे होते. गाडी बघितली आणि त्यांनी तो कप तसाच खिडकीत ठेवून मला हाक मारली.

"कस्तुरी, परवा तूच सोडली होतीस न्हवं ही गाडी?"

"होय आण्णा."

"मग ही परत का आली?"

परवा मी गाडी उलटीपालटी करून तपासली होती. सगळी मापं चोख आली होती. शहराबाहेर लांब चक्कर मारून आणली होती, आणि मगच किल्ली ताईंच्या हातात दिली होती.

कोल्हापुरात तेव्हा हायब्रिड गाड्या बोटावर मोजण्याइतक्या होत्या. पेट्रोलचं इंजिनही आणि विजेची मोटरही. आमच्या गॅरेजमधले दौलतमामा तिला 'दोन जिवांची बाई' म्हणायचे. मागच्या सीटखाली दोनशेच्या वर व्होल्टची मोठी बॅटरी, आणि तिथून पुढं इंजिनापर्यंत गेलेल्या जाडजूड नारंगी तारा. त्या तारांना हात लावायची परवानगी आख्ख्या गॅरेजमध्ये मला एकटीलाच होती, कारण पुण्याला जाऊन ते शिक्षण घेतलेली मी एकटीच होते. त्यामुळं अशी गाडी आली की ती माझी, आणि परत आली की तीही माझीच.

सुमेधाताई वालावलकर क्रेनच्या केबिनमधून उतरल्या. पन्नाशीच्या बाई, साडीच्या निऱ्या धुळीनं लाल झालेल्या, हातात कान तपासायच्या यंत्राची काळी पेटी. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्या नुसत्या थकल्या होत्या. आजऱ्याच्या पुढं एका शाळेत निम्मी मुलं तपासून झाली होती, उरलेली तशीच घरी पाठवावी लागली, असं त्यांनी सांगितलं.

त्यांचं काम तसं वेगळंच होतं. त्या गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांचे कान तपासायच्या. वर्गात 'मठ्ठ' म्हणून मागच्या बाकावर टाकलेलं पोर बरेचदा मठ्ठ नसतं, त्याला ऐकूच येत नसतं, हे त्या येईल त्याला सांगायच्या. पण तपासायचं कुठं? शाळेवर पत्रा, शेजारी पिठाची गिरणी, भोवती पोरांचा कालवा. त्यावर ताईंनी उपाय काढला होता तो या गाडीचा. काचा बंद करायच्या, एसी लावायचा आणि पोराला हेडफोन घालून पुढच्या सीटवर बसवायचं. साध्या गाडीत एसीसाठी इंजिन घरघरत ठेवावं लागतं. हिच्यात एसी बॅटरीवर चालायचा आणि आत देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांतता व्हायची. मधूनच बॅटरी भरायला इंजिन सुरू झालं, तर ते थांबेपर्यंत ताई थांबायच्या. बारीक शिट्टी ऐकू आली की पोरानं बोट वर करायचं. अशी किती पोरं त्या गाडीत बसून गेली असतील, देव जाणे.

"दिवा लागला," ताई म्हणाल्या, "मागच्या वेळेसारखाच. लाल त्रिकोण. जेवायला उतरताना बंद केली ती पुन्हा सुरूच होईना. तिथला एक इलेक्ट्रिशियन म्हणाला, ही दिव्याचीच वायर काढून टाकतो, कटकट मिटेल. मी काढू दिली नाही. चुकलं का माझं?"

"फार बरं केलंत," मी म्हणाले.

आणि मग का बरं केलंत, तेही त्यांना सांगितलं. साध्या गाडीत बॅटरीचं एक टोक गाडीच्या पत्र्यालाच जोडलेलं असतं. या गाडीत मोठ्या बॅटरीचं एकही टोक पत्र्याला लागू द्यायचं नाही, असा नियम. तीच आपली राखण. कुठंतरी तारेचं वेष्टण कमजोर झालं आणि वीज पत्र्याकडं झिरपायला लागली, तरी लगेच कुणाला काही होत नाही. पण राखण गेली. उद्या दुसरीकडंही तसंच झालं आणि मधे माणूस सापडला, तर मग माणूस उरत नाही. म्हणून गाडी पहिल्याच गळतीला ओरडते. तो दिवा म्हणजे तिचं ओरडणं.

ताईंनी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "येताना घाटात मात्र ही कधी त्रास देत नाही हं. मी काचा उघड्या टाकते, गार वारा असतो. गुणी बाळासारखी येते."

त्या हे अगदी सहज बोलल्या, पण मी जागीच थांबले. परवा माझी लांब चक्करसुद्धा काचा उघड्या टाकूनच झाली होती. थंडीचे दिवस. एसी लावायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

आण्णांनी मला बाजूला घेतलं. मोठ्या शोरूमवाल्यांनी ताईंना मोठी बॅटरीच बदलायला सांगितली होती, आणि आण्णांचाही कल तिकडंच झुकत होता. ते म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत काय ते सांग, नाहीतर गाडी पुण्याला पाठवू. आपल्या दारात तिसऱ्यांदा क्रेन नको. आण्णा वाईट माणूस नव्हते. उद्यमनगरात वडिलांच्या वेळेपासून त्यांचं गॅरेज होतं आणि त्या नावाला ते जिवापाड जपायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी मागच्या मोकळ्या अंगणात घेतली. चारी बाजूंनी दोरी बांधली. अशा कामाला एकटीनं हात घालायचा नाही, हा पुण्यात शिकलेला पहिला धडा. दोरीच्या आत दुसरं माणूस हवं. त्याच्या हातात, वीज वाहून नेणार नाही असा लांब दांड्याचा आकडा हवा. पहिल्याला झटका बसलाच, तर दुसऱ्यानं त्याला हातानं धरायचं नाही, त्या आकड्यानं ओढून काढायचं. माझं हे दुसरं माणूस कायम एकच असायचं. दौलतमामा.

दौलत शिकलगार आमच्या गॅरेजचे एसीचे मिस्त्री. साठीला आलेले, डोक्यावर पांढरी टोपी. एसीच्या कामात त्यांच्या शब्दाला सगळ्या उद्यमनगरात वजन होतं. दुसऱ्यांनी हात टेकलेल्या गाड्या त्यांच्याकडं यायच्या. मी आयटीआय करून दारोदार फिरत होते, आणि 'पोरगी गॅरेजात कशाला' म्हणून सगळे दार दाखवत होते, तेव्हा हेच मामा आण्णांना म्हणाले होते, "माझ्या हाताखाली द्या. न्हाई टिकली तर मी जबाबदार." पुण्याच्या शिक्षणाला आण्णा स्वतःच्या पुतण्याला पाठवणार होते. तिथंही मामाच मधे पडले. पुतण्या हुशार हाय, पण घाईचा हाय, आन हे काम घाईच्याचं न्हाई, एवढंच बोलले म्हणे. मला हे पुष्कळ दिवसांनी आण्णांकडून कळलं. मामांनी स्वतः कधी सांगितलं नाही.

मी हातातल्या बांगड्या, कानातलं, गळ्यातली साखळी, सगळं काढून डब्यात ठेवलं. मामांनी घड्याळ आणि चांदीची अंगठी काढली. रबरी हातमोजे घेतले, मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडली आणि गालाशी धरून कुठून वारा सुटतोय का बघितलं. सुईच्या टोकाएवढं भोकही इथं चालत नाही. मग यंत्रानं बिघाडाची जुनी नोंद पुसली तशी गाडी सुरू झाली, काचा बंद केल्या आणि एसी पूर्ण लावला.

आम्ही वाट बघत बसलो. सुमेधाताई दोरीच्या पलीकडं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना घरी जा म्हटलं तरी त्या गेल्या नव्हत्या. मामा त्यांना पोरांबद्दल विचारत होते. एवढ्या लहान पोराला शिट्टी ऐकू आली का न्हाई, ते खरं बोलतंय कशावरून? ताई हसल्या. म्हणाल्या, खोटं बोलणारं पोर शिट्टी नसतानाही बोट वर करतं, मग मी मुद्दाम गप्प बसते आणि बघते.

ऊन अंगणाच्या मध्यावर आलं आणि गाडीत लाल त्रिकोण पेटला.

माझ्या अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा. ज्याला पकडायचं होतं तो चोर घरात होता. मी गाडी बंद केली, किल्ली स्वतःच्या खिशात घातली. बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीची वायर सोडली. हातमोजे चढवले आणि मोठ्या बॅटरीचा नारंगी प्लग उपसून तोही खिशातच टाकला. कुणी चुकून परत बसवू नये म्हणून तो आपल्याच अंगावर ठेवायचा असतो. त्यानंतर दहा मिनिटं नुसतं थांबायचं. प्लग काढला तरी आत साठलेली वीज लगेच मरत नाही.

या दहा मिनिटांतच माणसं चुकतात. आण्णा दोनदा येऊन दोरीशी उभे राहिले आणि गेले. मामांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

वेळ झाल्यावर मी मीटर आधी छोट्या बॅटरीला लावून बघितला. मीटरच मेलेला असेल तर तो सगळीकडं शून्यच दाखवणार, आणि त्या शून्यावर विश्वासून माणूस हात घालणार. मीटर जिवंत होता. मग मोठ्या तारांची टोकं मोजली. शून्य. परत छोट्या बॅटरीवर येऊन मीटर अजून जिवंत आहे ना, ते बघितलं. तेव्हा कुठं मी मामांना म्हणाले, "मेली वीज."

"मेली," मामा म्हणाले, आणि आकडा तसाच धरून उभे राहिले.

आता एकेक अवयव सुटा करायचा आणि वेष्टण किती पक्कं आहे ते खास यंत्रानं मोजायचं. आधी सगळं जोडलेलं असतानाच मोजलं. काटा धाडकन खाली. परवा न दिसलेली गळती एसी चालल्यावर मापात आली होती. मोठी बॅटरी सोडवून तिची बाजू वेगळी तपासली. ती खणखणीत निघाली. म्हणजे शोरूमवाले बदला म्हणत होते ती बॅटरी निर्दोष होती. मग मोटर आणि तिच्या तारा. त्याही ठणठणीत. उरला होता एसीचा कॉम्प्रेसर.

मी ताईंना म्हणाले, "बॅटरी चांगली आहे तुमची. बहुतेक एसीत आहे काहीतरी."

"एसीत?" ताईंना नवल वाटलं. "एसी तर इतका छान गार होतो. गेल्या उन्हाळ्यात गॅस गेला होता, मामांनीच पाईप बदलून भरून दिला ना. तेव्हापासून बघावंच लागलं नाही."

मी मामांकडं बघायचं टाळलं, कॉम्प्रेसरकडंच बघत राहिले.

साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. त्याच्या आत वीज नसते, त्यामुळं तेल कुठलंही वंगणाचं चालून जातं. हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसरच्या पोटातच विजेची मोटर असते आणि तेल थेट तिच्या तारांना भिडतं. तिथं वीज वाहू न देणारं तेलच लागतं, नेहमीचं तेल थोडं जरी गेलं तरी हळूहळू गळती सुरू होते. पुण्यात आम्हाला हे सांगितलं होतं, पण मी पुण्याला गेले ती पावसाळ्यात. मामांनी गॅस भरला होता त्याच्या आधी.

मी यंत्र खाली ठेवलं. "मामा, आज एवढंच करू. बाकीचं उद्या बघते."

"का?"

"दमले मी."

मामांनी माझ्याकडं निरखून बघितलं. ते माझ्या हाताखालून नव्हे, मी त्यांच्या हाताखालून गेलेली. मी कधी दमते, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"उजेड हाय, मीटर हाय, मी हाय," ते म्हणाले. "मोज."

"मामा..."

"मोज पोरी."

मी कॉम्प्रेसरची नारंगी तार सुटी केली आणि यंत्राची दोन टोकं लावली. बटण दाबायच्या आधी मला वाटून गेलं, इथंही सगळं ठीक निघू दे, मग भले गाडी पुण्याला जाऊ दे. बटण दाबलं. काटा क्षणभर वर गेला आणि दगड विहिरीत पडावा तसा खाली गेला.

मामा दोन पावलं पुढं आले. त्यांनी काटा बघितला.

"ह्याच्यात तेल येगळं लागतंय व्हय?"

मी मान खाली घालून हो म्हणाले. कारणही सांगितलं, त्यांनी विचारलं तेवढं. ते ऐकत होते. एकदा म्हणाले, "म्हणजे तेल तारांना लागतंय," आणि एकदा, "म्हंजे दरवर्षी वाढतच गेलं असतं." मला वाटलं ते आता आकडा भिंतीला टेकवून निघून जातील. पण ते तिथंच होते.

"कॉम्प्रेसरवर चिठ्ठी चिकटवली हुती इंग्रजीत," ते शेवटी म्हणाले. "बघावं असं वाटलंच न्हाई मला. तेल म्हंजे तेल. एवढ्या वर्सांत कधी बघावं लागलं न्हाई." आणि मग, "तू आधी बाहेर ये. झाकण लाव, हातमोजे काढ."

मी झाकण लावलं, दोरीच्या बाहेर आले, हातमोजे काढले. त्यानंतर मामांनी आकडा खाली ठेवला. त्यांचं सगळं आयुष्य डोळ्यांपुढं कोसळत असतानाही त्यांनी तो आधी ठेवला नाही, हे माझ्या लक्षात आलं ते कितीतरी नंतर.

आण्णांना मी ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. टेबलावरचा पेपरवेट ते उगाच फिरवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघ कस्तुरी. कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगायचं. ते खोटं न्हाई. गेलाच हाय तो. का गेला, ते त्यांनी विचारलंय का? आपण आपल्या खर्चानं नवा बसवू, ताईंचं नुकसान न्हाई. पण मामाचं नाव ह्यात यायचं न्हाई. ह्या वयात त्याला खाली बघायला लावू नको."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. ज्या माणसामुळं मी उभी होते, त्यालाच खाली पाडायची पाळी माझ्यावर नको होती. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात काचेतून आण्णांनी बाहेर बघितलं आणि ते खुर्चीतून उठले.

मामा अंगणात सुमेधाताईंसमोर उभे होते. टोपी हातात होती. मी त्यांना बिनटोपीचं कधी बघितलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा ते बोलतच होते. आवाज नेहमीचाच, एसीचं काय बिघडलंय ते गिऱ्हाईकाला समजावतात तसा. "...तर बिघाड तुमच्या गाडीचा न्हाई ताई. बिघाड मी घातलाय. चुकीचं तेल माझ्या हातानं गेलंय. दोनदा तुमचा खोळंबा झाला, पोरं परत गेली, ती माझ्यापायी. आन हा बिघाड शोधून काढला तो हिनं." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिला थांबायचं हुतं, माझ्यासाठी. मी थांबू दिलं न्हाई."

ताईंनी माझ्याकडं वळून एकच प्रश्न विचारला. "गाडीत बसलेल्या मुलांना काही होऊ शकलं असतं का?"

आण्णा काहीतरी बोलणार होते. मी त्यांच्या आधी बोलले, आणि मोजून बोलले. एवढ्या एका गळतीनं नाही, गाडी स्वतःवर लक्ष ठेवून होती आणि वेळेवर थांबली. पण त्या दिवशी त्या माणसाला दिवा बंद करू दिला असता आणि पुढं कधी दुसरं काही बिघडलं असतं, तर मात्र मी छातीवर हात ठेवून नाही म्हणू शकणार नाही.

ताईंनी ऐकून घेतलं. त्या मामांना म्हणाल्या, "मीही चुकले आहे एकदा. एका मुलाला ऐकू येतं असं लिहून दिलं, त्याला येत नव्हतं. त्याच्या घरी जाऊन सांगायला मला दोन वर्षं लागली." मग म्हणाल्या, "तुम्ही दुपारी जेवायच्या आत सांगितलंत. गाडी इथंच राहू दे. तुम्ही दोघांनीच दुरुस्त करायची."

आणि त्या रिक्षा बघायला निघाल्या. आण्णांनी त्यांना स्वतःच्या गाडीनं घरी सोडलं.

दुरुस्ती सोपी नव्हती. नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही, ते तेल जिथं जिथं पोचलेलं असतं ते सगळं बदलावं लागतं, नाहीतर नव्या कॉम्प्रेसरची तीच गत. सुटे भाग येईपर्यंत मामांनी मला रोज शंभर प्रश्न विचारले. शाळेतल्या पोरासारखे. ते तेल हवेला उघडं पडलं तर काय होतं? दाब तोच का वेगळा? गॅस भरायचं यंत्र दोन्हीला एकच चालतं का, का आधीचं तेल त्याच्या नळीतही उरतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. पुण्याला फोन करून विचारलं. नळीत उरतं, म्हणाले, तिथूनही जातं. पुण्यातल्या सरांनी मला विचारलं, हा प्रश्न कुणाचा? मी म्हणाले, आमच्या मिस्त्रींचा. ते म्हणाले, फार चांगला प्रश्न आहे. मामांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं हुं केलं, पण दिवसभर शीळ घालत होते.

नवे भाग मामांनीच बसवले, मी फक्त वीज मारून दिली आणि शेवटी मोजलं. काटा जिथं असायला हवा तिथं जाऊन बसला. मग दुपारभर काचा बंद करून एसी चालवला. त्रिकोण पेटला नाही. ताई आल्या, गाडीत बसल्या, दार लावून घेतलं आणि डोळे मिटून जरा वेळ तशाच बसून राहिल्या. शांतता ऐकत होत्या बहुतेक. मग काच खाली करून म्हणाल्या, "सोमवारी आजऱ्याला जाते. उरलेली मुलं वाट बघताहेत."

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि मला वाटलं, संपलं. मी हात धुतले. मामा टोपी घालून माझी वाट बघत उभे होते.

"चल."

"कुठं?"

"चल म्हटल्यावर चल की."

मला वाटलं, कोपऱ्यावर चहाला. पण मामा चहाच्या गाड्यावरून पुढं गेले आणि थेट सदू खोतांच्या एसीच्या दुकानात शिरले. खोत म्हणजे मामांच्या बरोबरीचे, आणि मामांबद्दल आतून ईर्षा असलेले. दुकानात आणखी तीनचार मिस्त्री गप्पा मारत बसले होते. मामांनी कुणाचं बूड हलायची वाट बघितली नाही. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. कुठली गाडी, कुठलं तेल, चिठ्ठी वाचली नाही ते, ताईंची पोरं, दिवा. एक शब्द गाळला नाही, एक शब्द सजवला नाही.

दुकानात हसणं सुरू झालं. खोत म्हणाले, "म्हातारा झालास दौलत. बस आता घरात."

"बसंन की," मामा म्हणाले. "पण त्याच्या आधी एक सांग. तुझ्याकडं अशी गाडी आली तर कुठलं तेल घालशील?"

खोतांचं हसू तसंच तोंडावर राहिलं. मग कोपऱ्यात बसलेला शिवा आवटी नावाचा मिस्त्री, वयानं तिशीचा, जागेवरून अर्धा उठला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मामा, गेल्या महिन्यात एक भरली मी. निपाणीची. मुलाबाळांची गाडी हाय ती."

"नंबर हाय त्यांचा?"

"हाय."

"लाव."

शिवानं तिथंच फोन लावला. गाडी चालवू नका, उद्या मी स्वतः येऊन घेऊन जातो, माझ्याकडून चूक झालीय, असं तो पलीकडच्या माणसाला सांगत होता, आणि ते शब्द त्याला मामांच्याच तोंडून मिळाले होते हे दुकानातल्या प्रत्येकाला कळत होतं. कुणी हसलं नाही. फोन ठेवून तो माझ्याकडं नाही, मामांकडं वळला.

"मग आता असल्या गाड्यांचं विचारायचं कुणाला?"

"हिला," मामा म्हणाले. "मी बी हिलाच विचारतो."

ते बाजूला झाले. दुकानाच्या मधोमध, जिथं ते उभे होते, तिथं आता जागा मोकळी होती. खोतांनी पाय आखडून घेतले आणि समोरचं स्टूल माझ्याकडं सरकवलं. मी बसले नाही. बाहेर आणखी दोघं येऊन उंबऱ्याशी थांबले होते, आणि त्या संध्याकाळी आम्हाला अजून सगळी गल्ली फिरायची होती. मी पुढं झाले आणि पहिल्यांदा सांगितलं ते हे, की अशा गाडीला एकट्यानं हात लावायचा नाही.